घसा दुखतोय, गिळवत नाही: घरच्या उपायांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घसा असा एकाएकी का दुखायला लागतो?

बहुतेक वेळा विषाणूंमुळे. सर्दी, फ्लू, कोविड यांचे विषाणू घशाच्या आतल्या नाजूक अस्तरात शिरतात, शरीर त्यांच्याशी झुंजायला लागतं आणि त्यात अस्तर लाल होऊन सुजतं. मोठ्या माणसांना दहा वेळा घसा धरला, तर त्यातल्या आठ-नऊ वेळा कारण हेच असतं. उरलेल्यांपैकी महत्त्वाचं कारण म्हणजे स्ट्रेप्टोकॉकस नावाचा जिवाणू. तो ५ ते १५ वर्षांच्या मुलांमध्ये जास्त आढळतो. त्याच्याबद्दल पुढे सविस्तर लिहिलं आहे, आणि घरात शाळकरी मूल असेल तर तेवढा भाग तरी नक्की वाचा.

याशिवाय दिवाळीतला फटाक्यांचा धूर, रस्त्याच्या कामांची धूळ, नाक चोंदल्यामुळे रात्रभर तोंडानं घेतलेला श्वास, मिरवणुकीत ओरडणं, अशा कारणांनीही घसा खवखवतो. रोज सकाळी उठल्या उठल्याच घसा साफ करावासा वाटत असेल आणि दुपारपर्यंत बरं वाटत असेल, तर पित्त वर येतंय का ते बघा. रात्री उशिरा जेवून लगेच आडवं होणाऱ्यांमध्ये हे फार दिसतं. तिथे गुळण्यांपेक्षा जेवणाची वेळ बदलल्यानं जास्त फायदा होतो.

घरगुती उपायांनी घसा खरंच बरा होतो का?

बरा करतं ते शरीर. विषाणूमुळे दुखणारा घसा साधारण आठवड्याभरात आपला आपण ठीक होतो. पहिले दोन-तीन दिवस सर्वात वाईट, मग उतार. गुळण्या, मध, काढा यांचं काम ते दिवस सुसह्य करण्याचं आहे. घोटभर पाणी पिता यावं, चार घास पोटात जावेत, रात्री झोप लागावी, हे काही थोडं नाही. पण उपाय आरामासाठी आहे हे एकदा मनाशी पक्कं झालं, की दोन गोष्टी सोप्या होतात: ज्यानं आराम वाटत नाही तो उपाय खुशाल सोडून देता येतो, आणि ज्या घशाला डॉक्टरची गरज आहे त्याला काढ्यावर काढे पाजत घरी बसवून ठेवलं जात नाही.

मिठाच्या गुळण्या कशा करायच्या? मीठ किती?

सगळ्या उपायांत मी हाच पहिला सांगेन. खर्च नाही, धोका जवळपास नाही, आणि आराम पाच मिनिटांत कळतो. एक पेलाभर (साधारण २४० मिली) कोमट पाण्यात पाव ते अर्धा लहान चमचा मीठ. समुद्राचं, सैंधव, कोणतंही चालेल. गुळण्यांसाठी महागडं गुलाबी मीठ आणायची काहीच गरज नाही. पाणी हाताला कोमट लागेल इतपतच हवं. पोळलेल्या घशाला बरं व्हायला आणखी दिवस लागतात.

मिठाच्या पाण्यामुळे सुजलेल्या अस्तरातलं जास्तीचं पाणी थोडं बाहेर ओढलं जातं, घशाला चिकटलेला कफ सुटतो आणि अस्तर ओलं राहतं. म्हणून मान मागे टाकून, पाणी घशापर्यंत नेऊन, दहा-पंधरा सेकंद चांगला घळघळ आवाज येऊ द्यायचा आणि थुंकायचं. पेला संपेपर्यंत असं करत राहायचं. दिवसातून तीन-चार वेळा पुरे. मीठ वाढवलं म्हणून गुण वाढत नाही, उलट घसा कोरडा पडून जास्त टोचायला लागतो.

पाणी गिळायचं नाही. रक्तदाब आणि मूत्रपिंडाच्या रुग्णांनी तर याकडे नीट लक्ष द्यावं. साधारण सहा वर्षांखालच्या मुलांना गुळणी जमत नाही, ती पाणी पिऊन टाकतात किंवा ठसका लागतो. त्यांच्यामागे पेला घेऊन लागू नये.

जपानमध्ये बाहेरून आल्यावर गुळण्या करण्याची पद्धतच आहे. २००५ साली तिथे प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात रोज नुसत्या साध्या पाण्यानं गुळण्या करणाऱ्यांना सर्दी-पडशाचा त्रास कमी झालेला दिसला. पोव्हिडोन आयोडिन या जंतुनाशकाच्या गुळण्यांनी मात्र तसा फरक पडला नव्हता. त्यामुळे घरात औषधी गुळणीची बाटली नाही म्हणून खट्टू होऊ नका. ती वापरत असाल तर बाटलीवर लिहिल्याप्रमाणे पातळ करून वापरा. थायरॉईडचा त्रास असलेल्यांनी आणि गरोदर बायकांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय आयोडिनची गुळणी करू नये.

हळदीचं दूध की हळदीची गुळणी?

दोन्ही चालतं. गुळणीच्या पाण्यात मिठासोबत चिमूटभर हळद टाकली तर ती थेट दुखऱ्या जागी लागते. दुधातून घेतलेल्या हळदीतलं कर्क्युमिन मात्र पोटातून रक्तात फार थोडं जातं. मिरीची चिमूट घातली तर ते प्रमाण बरंच वाढतं, हे बंगळुरूच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजमधल्या संशोधकांनी १९९८ साली दाखवलं. आपल्याकडे हळदीच्या दुधात मिरपूड आणि थोडं तूप घालायची रीत आहेच. ती मोडू नका.

दुधानं कफ होतो ही समजूत घट्ट बसलेली आहे. दूध लाळेत मिसळलं की तोंडात दाटपणा जाणवतो, त्यावरून तसं वाटतं; शरीरात कफ जास्त तयार होत नाही. पण त्या दाटपणाचाच त्रास होत असेल तर दुधाऐवजी गरम पाण्यात हळद घ्या.

हळद चांगली असणं महत्त्वाचं. रंग खुलावा म्हणून हळदीत लेड क्रोमेट, म्हणजे शिशाचं संयुग, मिसळण्याचे प्रकार उपखंडात उघडकीला आले आहेत. नजरेत भरेल अशी भडक पिवळी सुटी पूड घेण्यापेक्षा खात्रीच्या दुकानातून सांगलीची किंवा वायगावची हळकुंडं आणून घरी दळलेली बरी. ज्या हळदीच्या जखम भरण्याच्या गुणावर अमेरिकेत दिलेलं पेटंट डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या नेतृत्वाखालच्या सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेनं लढून १९९७ साली रद्द करायला लावलं, ती आपल्या डब्यात तरी शुद्ध असावी असं मला मनापासून वाटतं.

मध कसा आणि कुणाला द्यायचा?

घसा दुखतोय आणि सोबत खोकल्याची ढास लागली आहे, तर मध उत्तम. झोपण्यापूर्वी एक चमचा मध सावकाश चाटून खायचा, त्यावर लगेच पाणी प्यायचं नाही. मधाचा पातळ थर घशावर बसतो आणि ढास कमी होते. ऑक्सफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२० साली १४ अभ्यासांचा आढावा घेतला, त्यात सर्दी-खोकल्याच्या त्रासावर मध नेहमीच्या उपचारांपेक्षा बरा ठरला. आल्याच्या रसात मध घालून देण्याची आपली पद्धत छानच आहे, फक्त आल्याचा रस अर्ध्या चमच्यापुरताच. जास्त झाला तर घसा झणझणतो.

एक वर्षाखालच्या बाळाला मध अजिबात देऊ नका. चाटण म्हणून नाही, सुवर्णप्राशनातून नाही, जिभेला बोट लावण्यापुरताही नाही. मधात क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जिवाणूचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांच्या आतड्यात ते काही करत नाहीत, पण बाळाच्या आतड्यात रुजून विष तयार करतात आणि बाळाचे स्नायू लुळे पडू शकतात. घरातल्या ज्येष्ठांना हे समजावणं अवघड जातं, कारण त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या बाळांना मध चाटवलेला असतो. तरी प्रेमानं, पण ठामपणे नाही म्हणा.

मधुमेहींसाठी मध म्हणजे साखरच आहे. एखादा चमचा घेतला तर तो दिवसाच्या हिशेबात धरा.

काढ्यात नेमकं काय घालावं? दिवसातून किती वेळा?

माझं प्रमाण सांगते. दोन कप पाण्यात अर्धा इंच आलं ठेचून, सात-आठ तुळशीची पानं, गवती चहाच्या दोन पाती, तीन-चार मिरे, एक लवंग आणि दालचिनीचा छोटा तुकडा. मंद आंचेवर एक-सव्वा कप उरेपर्यंत उकळायचं, गाळायचं, हवा तर गुळाचा खडा. घोट घोट, कोमट प्यायचं. २०२० साली कोविडच्या काळात आयुष मंत्रालयानं सुचवलेल्या काढ्यात तुळस ४ भाग, दालचिनी २, सुंठ २ आणि मिरी १ असं प्रमाण होतं, आणि एका वेळी ३ ग्रॅम पूड १५० मिली पाण्यात. म्हणजे अगदी सौम्य. आपल्याकडे मात्र त्या वर्षी घराघरांत मूठमूठ मिरे घालून दिवसातून पाच-पाच वेळा काढा प्यायला गेला आणि छातीत जळजळ, तोंड येणं, मूळव्याध उसळणं हे सगळं सोसावं लागलं. दोन वेळा पुरे. पित्ताची प्रकृती असेल तर मिरे-लवंग वगळून नुसतं आलं आणि गवती चहा. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असतील तर आलं-हळदीचा मारा करण्यापूर्वी डॉक्टरांना विचारा.

गुळवेल घशासाठी घालायची गरज नाही. २०२१ साली मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाला तो निष्कर्ष मान्य नव्हता. पण ज्यांना आधीच यकृताचा किंवा स्वप्रतिकार विकारांचा (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते अशा आजारांचा) त्रास आहे त्यांनी तरी स्वतःच्या मनानं गुळवेल घेऊ नये.

ज्येष्ठमधाची कांडी चघळली तर?

गाणारे, कीर्तनकार, शिक्षक यांच्या पिशवीत ही हमखास असते, आणि ते उगीच नाही. शस्त्रक्रियेत भूल देताना घशात नळी घालतात, त्यामुळे नंतर घसा दुखतो. लखनौच्या संजय गांधी संस्थेत २००९ साली आणि व्हिएन्नात २०१३ साली झालेल्या अभ्यासांत भूल देण्यापूर्वी ज्येष्ठमधाच्या पाण्याच्या गुळण्या केलेल्यांना हे दुखणं कमी झालं. घरी करायचं तर अर्धा चमचा ज्येष्ठमध पूड पेलाभर पाण्यात उकळून, कोमट झाल्यावर गुळण्या कराव्यात.

चघळायची असेल तर छोटा तुकडा, दोन-चार दिवस. ज्येष्ठमधातल्या ग्लिसिरायझिनमुळे शरीरात पाणी साठतं, रक्तदाब चढतो आणि पोटॅशियम उतरतं. रक्तदाबाचे, हृदयाचे रुग्ण आणि गरोदर बायकांनी रस गिळू नये.

लवंग, खडीसाखर, सितोपलादी, सुंठीची गोळी?

लवंगेतल्या युजेनॉलनं जागा थोडी बधिर होते, म्हणून गालात धरलेली लवंग बरी वाटते. खडीसाखरेचं काम लाळ सुटत ठेवण्याचं, ते कोणत्याही गोळीनं होतं. मात्र चार वर्षांखालच्या मुलांना कडक गोळी देऊ नका, घशात अडकते. सुंठ, गूळ आणि तूप यांची सुपारीएवढी गोळी सकाळी खाल्ली तर खवखव कमी वाटते. सितोपलादी चूर्णात परंपरेनं खडीसाखर १६ भाग, वंशलोचन ८, पिंपळी ४, वेलची २ आणि दालचिनी १ असतं, म्हणजे निम्म्याहून जास्त साखरच. मधातून चाटण घेणाऱ्या मधुमेहींच्या हे लक्षात येत नाही.

वाफ घ्यावी का?

मोठ्यांनी घ्यायला हरकत नाही, चोंदलेलं नाक मोकळं होतं आणि घशाला ओलावा मिळतो. निलगिरी, बाम काही न टाकता नुसती वाफ पुरते. मुलांना मात्र पातेल्यावर वाकवून, डोक्यावर टॉवेल टाकून वाफ देऊ नका. पातेलं कलंडून उकळतं पाणी मांडीवर पडल्याच्या घटना घडत असतात आणि घसादुखीपायी मुलानं भाजून घ्यावं इतकं वाफेत काही नाही. न्हाणीघरात गरम पाणी सोडून दार लावून पाच मिनिटं मुलाला घेऊन बसलात तरी काम होतं.

जेवायला काय द्यावं? दही, केळं, आइस्क्रीम बंदच का?

गिळायला मऊ आणि पोटाला हलकं काहीही. मऊ भात, वरून तूप, मुगाचं वरण. कोकणातली पेज किंवा कुळथाची पिठी. घाटावरचं हुलग्याचं माडगं तर आजारी माणसासाठीच केलं जातं, गरम, पातळ आणि पोटभरीचं. मांसाहारी घरात मटणाचं किंवा कोंबडीचं अळणी पाणी, चटणी-मसाला घालण्याआधी बाजूला काढलेलं. त्याच्यासारखं अंगात तरतरी आणणारं दुसरं काही मला माहीत नाही. तिखट, तळलेलं, चिंच-कोकमाचं आंबट आणि कुरकुरीत पदार्थ चार दिवस लांब ठेवा, ते दुखऱ्या जागी झोंबतात आणि टोचतात.

थंड खाल्ल्यानं विषाणू शिरत नाहीत. टॉन्सिल्सच्या शस्त्रक्रियेनंतर मुलांना आइस्क्रीम खाऊ घालतात, कारण गारव्यानं दुखणं कमी होतं. पोर काहीच गिळत नसेल आणि कुल्फी मागत असेल, तर द्या. केळ्याचंही तेच; मऊ असतं, गिळलं जातं. दही फार आंबट नसेल तर दुपारच्या भातावर चालतं. खाण्यापेक्षा पाणी पोटात जातंय ना, लघवी नेहमीसारखी होतेय ना, हे बघणं जास्त गरजेचं.

गळ्याला बाहेरून चुन्याचा लेप लावतात, बोटानं पडजीभ उचलतात. करावं का?

नाही. चुन्यानं कातडी भाजते, लहान मुलांची तर लगेच. आणि सुजलेल्या घशात बोट घालून, मीठ-मिरी चोळून पडजीभ दाबणं म्हणजे जखमेवर जखम. जंतुसंसर्ग, रक्तस्राव, उलटी श्वासनलिकेत जाणं, काहीही होऊ शकतं. करणाऱ्याच्या मनात मायाच असते, म्हणून थांबवायला जड जातं. थांबवा. बाहेरून शेकायचंच असेल तर कोमट पाण्यात पिळलेला फडका गळ्याभोवती गुंडाळा.

घसा पार बसलाय आणि उद्या दिवसभर बोलायचं आहे. काय करू?

आज बोलू नका. हाच उपाय, आणि तोच कुणी करत नाही. कुजबुजूही नका; कुजबुजताना स्वरयंत्रावर उलट जास्त ताण येतो. अगदी बोलावंच लागलं तर हळू, सहज आवाजात, थोडकं. पाणी सारखं पीत राहा, घसा खाकरून साफ करायचा मोह आवरा, त्याऐवजी एक घोट गिळा. चहा-कॉफी कमी, सिगारेट बंद. शिक्षकांनी, भजनी मंडळातल्या लोकांनी, बाजारात ओरडून माल विकणाऱ्यांनी बसलेल्या आवाजावर जोर काढला तर स्वरतंतूंवर गाठी येऊ शकतात आणि मग प्रश्न चार दिवसांचा राहत नाही.

लहान मुलांना खोकल्याचं सिरप द्यावं का? ताप असेल तर?

मनानं कधीही नाही. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा भागात खोकल्याच्या सिरपमध्ये डायइथिलीन ग्लायकॉल हे विष निघालं आणि लहान मुलं मूत्रपिंडं निकामी होऊन दगावली. त्यातल्या अनेकांना शेवटच्या टप्प्यात नागपूरला आणलं होतं. त्यानंतर केंद्राच्या आरोग्यसेवा महासंचालनालयानं पुन्हा बजावलं: दोन वर्षांखालच्या मुलांना सर्दी-खोकल्याची औषधं देऊच नयेत, आणि पाच वर्षांखालच्यांनाही सहसा देऊ नयेत. वर्ष उलटलेल्या मुलाला अर्धा-एक चमचा मध, कोमट पाणी, मांडीवर उंच डोकं ठेवून झोपवणं, एवढं पुष्कळ असतं.

ताप आणि दुखण्यासाठी पॅरासिटामॉल चालतं: वजनाच्या दर किलोला १० ते १५ मिलिग्रॅम, दोन डोसांत किमान ४ तास, दिवसात जास्तीत जास्त ४ वेळा. मुलांना ॲस्पिरिन नको. पावसाळ्यात डेंग्यूची साथ असताना मोठ्यांनीही आयबुप्रोफेन, ॲस्पिरिन स्वतःहून घेऊ नये, रक्तस्रावाचा धोका वाढतो.

मागच्या वेळच्या अँटिबायोटिकच्या गोळ्या उरल्यात. घेऊ का?

नका घेऊ. विषाणूंवर अँटिबायोटिक चालत नाही. दुकानातून ‘घशाची गोळी’ म्हणून तीन दिवसांचं पाकीट आणायचं, नेमका तिसऱ्या-चौथ्या दिवशी घसा आपोआप उतरणीला लागलेला असतो आणि श्रेय गोळीला मिळतं. दरवेळी असं झालं की जिवाणू त्या औषधाला सरावतात आणि खरी गरज पडेल तेव्हा ते औषध लागू पडत नाही.

ती खरी गरज म्हणजे स्ट्रेप, सुरुवातीला सांगितलेला स्ट्रेप्टोकॉकस जिवाणू. घसा अचानक खूप दुखतो, ताप १०१ च्या घरात किंवा वर, गळ्याला पुढच्या बाजूनं हाताला दुखऱ्या गाठी लागतात, टॉन्सिल्सवर पांढरे-पिवळे ठिपके दिसतात, आणि सर्दी-खोकला मात्र नसतो. ही लक्षणं शाळकरी मुलात एकत्र दिसली तर गुळण्या चालू ठेवा, पण डॉक्टरकडे त्याच दिवशी जा. कारण स्ट्रेपचा घसा औषधाविनाही वरवर बरा होतो, मग दोन-तीन आठवड्यांनी काही मुलांना संधिवाताचा ताप येतो: आज गुडघा सुजतो, उद्या घोटा, आणि त्याचवेळी हृदयाच्या झडपांना इजा होत असते. या झडपांच्या आजाराचं ओझं भारतात अजून मोठं आहे. तरुणपणी, कित्येकींना पहिल्या बाळंतपणात धाप लागल्यावर, तो उघडकीला येतो. दुखणं सुरू झाल्यापासून ९ दिवसांच्या आत योग्य अँटिबायोटिक सुरू केलं तर हे जवळपास टाळता येतं. डॉक्टरांनी पेनिसिलिन गटाचं औषध १० दिवस सांगितलं तर दहाही दिवस द्या, मूल तिसऱ्या दिवशी अंगणात खेळायला लागलं तरी.

ताबडतोब दवाखाना कधी गाठायचा?

तोंडातून लाळ गळतेय कारण थुंकीही गिळवत नाही. तोंड पुरतं उघडत नाही. दुखणं एकाच बाजूला आहे आणि आवाज तोंडात गरम बटाटा धरल्यासारखा येतोय. हे टॉन्सिलमागे पू झाल्याचं लक्षण असू शकतं. श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज येतो किंवा मूल पुढे वाकून बसून श्वास घेतं. यातलं काहीही दिसलं तर रात्र उजाडायची वाट बघू नका.

घशात राखाडी पापुद्रा दिसला आणि मान सुजली असेल तर घटसर्पाची शंका धरावी लागते. तो गेलेला आजार नाही. मुलांच्या लसीच्या कार्डावर दीड ते दोन वर्षांचा आणि पाच-सहा वर्षांचा बूस्टर आहे ना, १० आणि १६ वर्षांची टीडी (धनुर्वात-घटसर्पाची लस) झाली ना, एवढं आजच बघून ठेवा.

आवाज तीन आठवडे बसलेलाच आहे, फार दुखत नाही. थांबू का?

थांबू नका, कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा. तंबाखू, मिश्री, गुटखा, बिडी यांपैकी काही चालू असेल तर याच आठवड्यात. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, तरी तो गालात असतोच हे आपण सगळे जाणतो. बसलेला आवाज, घास अडकणं, गळ्यावरची न दुखणारी गाठ, कानाकडे जाणारी कळ, तोंडातला न भरणारा चट्टा: यातलं एकही तीन आठवडे टिकलं तर त्यावर हळद-मध करत बसायचं नाही. घशाचा कर्करोग लवकर सापडला तर आवाज वाचवून बरा करता येतो.

मुलाला शाळेत कधी पाठवू?

साधा विषाणूचा घसा असेल तर ताप उतरून एक दिवस झाला, खाणंपिणं नीट सुरू झालं की पाठवा. स्ट्रेप असेल तर अँटिबायोटिक सुरू करून २४ तास झाल्यावर, ताप नसेल तर. पाण्याची बाटली त्याची त्यालाच वापरू दे, घरातही पेला-चमचा आठवडाभर वेगळा ठेवा, आणि दुपारचा डोस शाळेच्या वेळेत येत असेल तर वेळा बदलून मिळतील का ते डॉक्टरांना आधीच विचारून घ्या.